नोकरीतील भेदभावाची सरकारी तक्रार: अमेरिकेतील कायदा, मुदती आणि खाचाखोचा

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगातील दोन आयुक्तांना राष्ट्राध्यक्षांनी मुदत संपण्यापूर्वीच पदावरून दूर केले. त्यामुळे पाच जागांच्या या आयोगात निर्णयासाठी लागणारी गणसंख्या उरली नाही, आणि ती पूर्ण व्हायला ऑक्टोबर उजाडला. अशा बातम्या वाचल्या की आयोगाचे कामच ठप्प झाले असावे, आता तक्रार करून काय उपयोग, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्या काळातही आयोगाची कार्यालये तक्रारी स्वीकारत होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तक्रार करण्यासाठी कायद्याने घालून दिलेल्या मुदतीचे घड्याळही त्या काळात चालूच होते. आयोगात किती आयुक्त आहेत यावर ती मुदत अवलंबून नसते आणि कंपनीतल्या चौकशीसाठीही ती थांबत नाही. भेदभाव झालेल्या माणसाला सर्वांत महाग पडते ते याच गोष्टीचे अज्ञान, म्हणून या लेखाचा बराचसा भाग मुदतीलाच दिला आहे.

आयोग कोणाचा आणि कशासाठी

अमेरिकेचा नागरी हक्क कायदा १९६४ साली झाला. त्याच्या सातव्या प्रकरणाने वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ या पाच कारणांवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली, आणि त्याच प्रकरणाने स्थापन केलेला समान रोजगार संधी आयोग जुलै १९६५ पासून काम करू लागला. सुरुवातीला आयोग फक्त समेट घडवू शकत असे. मालकाविरुद्ध न्यायालयात जाण्याचा अधिकार त्याला १९७२ च्या दुरुस्तीने मिळाला. पुढे या यादीत चाळीस आणि त्यापुढील वय, अपंगत्व, गरोदरपण आणि आनुवंशिक माहिती यांची वेगवेगळ्या कायद्यांनी भर पडली, आणि लैंगिक कल किंवा लिंगओळख यांवरून कामावरून काढणे हाही लिंगभेदच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. यांना आपण या लेखापुरते ‘संरक्षित कारणे’ म्हणू.

इथे एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. साहेब तिरसट आहे, तो सगळ्यांशीच उर्मटपणे वागतो, किंवा त्याने आपल्या मर्जीतल्या माणसाला बढती दिली, हे अन्यायाचे असले तरी या कायद्याखाली बेकायदा ठरत नाही. वाईट वागणूक आणि एखादे संरक्षित कारण यांच्यात दुवा दिसला, तरच आयोगाचा संबंध येतो. शिवाय मालकाकडे किमान पंधरा कर्मचारी असावे लागतात, आणि तक्रार वयावरून असेल तर वीस. त्याहून लहान आस्थापनांना अनेक राज्यांचे स्वतःचे कायदे लागू होतात, त्यामुळे कंपनी लहान आहे म्हणून दाद मागण्याचा मार्गच नाही असे समजू नये.

तक्रारदार अमेरिकेचा नागरिक असावा अशी अट नाही. एच-वन-बी व्हिसावर काम करणारा अभियंता, ग्रीन कार्डधारक परिचारिका आणि जन्माने अमेरिकी असलेला त्यांचा सहकारी यांना हे संरक्षण सारखेच मिळते.

तक्रार म्हणजे खटला नव्हे

आयोगाकडे दिलेल्या तक्रारीला तिकडच्या कायद्यात ‘चार्ज’ म्हणतात. हा शब्द ऐकून अनेकांना धडकी भरते, कारण आपण कोणावर तरी गुन्हा सिद्ध करायला निघालो आहोत, असे त्यातून वाटते. आपल्या ओळखीतली जवळची उपमा द्यायची तर ती पोलिस ठाण्यात नोंदवलेल्या प्रथम खबरीची देता येईल. खबर देणाऱ्याला त्या दिवशी काही सिद्ध करायचे नसते. काय घडले, कधी घडले आणि कोणी केले हे सांगून सही करायची असते. पुढचा तपास यंत्रणेने करायचा असतो. मात्र ही उपमा एका जागी अपुरी पडते. पोलिसांकडे न जाताही काही वेळा थेट न्यायाधीशांसमोर उभे राहता येते. सातव्या प्रकरणाखाली, तसेच अपंगत्वाच्या कायद्याखाली, आधी आयोगाकडे किंवा राज्याच्या तशाच यंत्रणेकडे तक्रार नोंदवल्याशिवाय न्यायालयात दावा टिकत नाही. म्हणजे ही तक्रार स्वतः खटला नसली, तरी खटल्याचा दरवाजा तिच्यामुळेच उघडा राहतो. समान वेतनाचा १९६३ चा कायदा याला अपवाद आहे. त्याखाली आयोगाकडे न जाताही दावा करता येतो.

तक्रार करायला पैसे पडत नाहीत आणि वकील असण्याची सक्ती नाही.

१८० दिवस आणि ३०० दिवस

मूळ नियम असा आहे की भेदभावाची घटना घडल्यापासून १८० दिवसांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. ज्या राज्यात किंवा शहरात त्याच प्रकारच्या भेदभावाला मनाई करणारा स्वतःचा कायदा आणि तो राबवणारी यंत्रणा आहे, तिथे ही मुदत ३०० दिवसांची होते. बहुतेक राज्यांत अशी यंत्रणा आहे, पण सगळ्या राज्यांत नाही, आणि म्हणून आपल्याला ३०० दिवस मिळतीलच असे गृहीत न धरता १८० दिवसांचाच हिशेब ठेवणे शहाणपणाचे. दिवस मोजताना शनिवार, रविवार आणि सुट्ट्याही धरतात. फक्त शेवटचा दिवस सुट्टीचा आला, तर पुढचा कामाचा दिवस मिळतो. अमेरिकी केंद्र सरकारच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे. त्यांना आपल्याच खात्यातील समान संधी समुपदेशकाकडे ४५ दिवसांत जावे लागते, आणि इतक्या छोट्या मुदतीमुळे तिथे चुकणाऱ्यांची मला अधिक काळजी वाटते.

घड्याळ सुरू कधी होते, हा यातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे. नोकरीवरून काढणे, बढती नाकारणे, बदली करणे अशा प्रत्येक ठळक निर्णयाची मुदत स्वतंत्र धावते. एप्रिलमध्ये नाकारलेल्या बढतीची मुदत संपली असेल, तर डिसेंबरमध्ये झालेल्या बडतर्फीच्या तक्रारीने ती पुन्हा जिवंत होत नाही. सततच्या छळाचे मात्र तसे नाही. टोमणे, अपमान, अश्लील शेरे अशा लहानलहान घटनांनी मिळून कामाची जागा असह्य केली असेल, तर त्या मालिकेतली एक तरी घटना मुदतीत बसली म्हणजे संपूर्ण मालिका विचारात घेता येते, असा निकाल २००२ मध्ये झाला आहे.

पगारातील भेदभावाचा नियम तर एका स्त्रीच्या पराभवातून बदलला. लिली लेडबेटर अलाबामातील टायर कारखान्यात पर्यवेक्षक होत्या. त्याच कामासाठी पुरुष सहकाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त पगार मिळतो, हे त्यांना नोकरीच्या अखेरीस एका निनावी चिठ्ठीतून कळले. ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल दिला, पण सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की पगाराचे मूळ निर्णय कित्येक वर्षांपूर्वी झाले होते आणि मुदत तेव्हापासूनच धावत होती. जे आपल्याला माहीतच नव्हते त्याची तक्रार आपण वेळेत करायला हवी होती, असे त्या निकालाने त्यांना ऐकवले. संसदेने २००९ मध्ये त्यांच्याच नावाने कायदा करून हे बदलले, आणि आता भेदभावाने कमी ठरवलेला पगार हाती पडतो त्या प्रत्येक वेळी मुदत नव्याने सुरू होते. लेडबेटर यांना स्वतःला मात्र त्याचा लाभ झाला नाही.

‘आधी कंपनीतच दाद मागून पाहू’

हा विचार सरळ आणि समंजस वाटतो. कंपनीत मनुष्यबळ विभाग आहे, तक्रार निवारण समिती आहे, तिथे न जाता एकदम सरकारी आयोगाकडे जाणे अनेकांना अविश्वासाचे वाटते. अंतर्गत तक्रार जरूर करावी आणि ती लेखी करावी. छळाच्या प्रकरणांत तर ती न केल्याचा फायदा पुढे मालकाला मिळू शकतो. परंतु ती करून आयोगाची मुदत थांबत नाही.

डेलावेअरमधील एका सरकारी महाविद्यालयातील प्राध्यापक कोलंबस रिक्स यांचे प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखे आहे. ते मूळचे लायबेरियाचे होते. त्यांना कायमस्वरूपी नेमणूक नाकारण्यात आली, आणि जून १९७४ मध्ये एक वर्षाचा शेवटचा करार देण्यात आला. दरम्यान त्यांनी महाविद्यालयाच्या समितीकडे दाद मागितली होती; ती सप्टेंबरमध्ये फेटाळली गेली. आयोगाकडे ते १९७५ च्या एप्रिलमध्ये पोचले, तेव्हा त्यांची नोकरी अजून चालू होती. नोकरी संपेल त्या दिवसापासून मुदत मोजली जाईल, हा त्यांचा समज कोणत्याही सामान्य माणसाचा असू शकला असता. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये तो अमान्य केला. निर्णय झाला आणि तो कळवला गेला, त्या दिवशीच मुदत सुरू झाली. समितीपुढे अर्ज प्रलंबित होता म्हणून ती लांबत नाही, असे न्यायालयाने म्हटले. भेदभाव झाला की नाही, हा प्रश्न त्या तक्रारीत तपासलाच गेला नाही.

मनुष्यबळ विभागाकडून ‘आम्ही पाहतो आहोत’ अशी उत्तरे येत राहतात आणि महिने निघून जातात, तेव्हा हे प्रकरण आठवावे. दोन्ही तक्रारी एकाच वेळी चालू ठेवण्यास कोणताही प्रतिबंध नाही.

कागदावर काय उतरवायचे

तक्रारीची सुरुवात सहसा आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर होते. तिथे आधी चौकशी अर्ज भरायचा, मग आयोगाच्या अधिकाऱ्याशी मुलाखत होते, त्यानंतर तक्रारीचा मसुदा तयार होतो आणि तक्रारदार त्यावर सही करतो. येथे एक खाच आहे. पोर्टलवर चौकशी अर्ज भरला म्हणजे तक्रार दाखल झाली असे होत नाही. मुलाखतीची तारीख लांबची मिळाली आणि तोवर मुदत उलटणार असेल, तर स्वस्थ न बसता आयोगाच्या कार्यालयाशी तातडीने संपर्क साधायला हवा. पत्र लिहूनही तक्रार करता येते; त्यात आपले आणि मालकाचे नाव-पत्ता, घटना, तारखा, कोणत्या संरक्षित कारणावरून हे घडले असे वाटते ते, आणि सही असावी लागते.

मजकूर कसा असावा हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. ‘माझ्या उच्चारांमुळे मला कायम डावलले जाते’ या वाक्यातली वेदना खरी असेल, पण तपास करणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. त्याऐवजी असे लिहिता येते: ‘३ मार्च रोजी गटप्रमुखपदासाठी माझी मुलाखत झाली. १७ मार्च रोजी विभागप्रमुखांनी मला सांगितले की ग्राहकांना तुमचे इंग्रजी भारतीय वाटते, म्हणून हे पद तुम्हाला देता येत नाही. त्या वेळी अमुक सहकारी उपस्थित होते. हे पद माझ्यापेक्षा चार वर्षे कमी अनुभव असलेल्या, भारतीय नसलेल्या व्यक्तीला मिळाले. गेल्या तिन्ही वार्षिक मूल्यमापनांत माझ्या संवादकौशल्याबद्दल एकही प्रतिकूल शेरा नाही.’ या मजकुरात तारीख आहे, बोलणारा आहे, साक्षीदार आहे, तुलनेसाठी दुसरी व्यक्ती आहे, आणि मालक पुढे जे कारण सांगण्याची शक्यता आहे त्याचे आधीच दिलेले उत्तर आहे. तुलना हा भेदभावाच्या प्रकरणाचा कणा असतो, कारण मनातला हेतू कोणी कागदावर लिहून ठेवत नाही. तो सारख्या परिस्थितीतल्या दोन माणसांना मिळालेल्या वेगळ्या वागणुकीतून ओळखावा लागतो.

जी कारणे लागू पडत असतील, ती सगळी नोंदवावीत. स्त्री आणि परदेशी मूळ या दोन्हींमुळे त्रास झाला असेल आणि तक्रारीत एकच लिहिले गेले, तर दुसरे कारण पुढे न्यायालयात मांडताना मालकाचे वकील हरकत घेतात, आणि ती बहुधा टिकते. पुरावा गोळा करताना मात्र संयम हवा. स्वतःला आलेल्या ईमेल, मूल्यमापनाचे कागद, पगाराच्या पावत्या आणि आपण लिहिलेली रोजची टिपणे जपून ठेवणे वेगळे, आणि कंपनीच्या गोपनीय फायली घरी नेणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीमुळे कामावरून काढायला मालकाला आयते कारण मिळते.

तक्रारीनंतर काय होते

दहा दिवसांच्या आत मालकाला नोटीस जाते आणि तक्रारदाराचे नाव त्याला कळते. नाव उघड होऊ नये असे वाटत असेल, तर एखादी संस्था किंवा दुसरी व्यक्ती तक्रारदाराच्या वतीने तक्रार देऊ शकते. अनेक प्रकरणांत आयोग आधी मध्यस्थी सुचवतो. ती विनामूल्य, ऐच्छिक आणि गोपनीय असते. दोन्ही बाजूंनी होकार दिला तरच होते, आणि तिथे झालेला लेखी करार न्यायालयात अंमलात आणता येतो. तपासाच्या तुलनेत ती फार लवकर संपते. नोकरी टिकवायची आहे, किंवा चांगले शिफारसपत्र आणि थकलेला पगार घेऊन बाहेर पडायचे आहे, अशा माणसाने ती सहजासहजी नाकारू नये, असे माझे मत आहे.

मध्यस्थी झाली नाही तर मालकाकडून लेखी उत्तर मागवले जाते. या उत्तराची प्रत तक्रारदाराला मागता येते आणि त्यावर आपले म्हणणे २० दिवसांत देता येते. प्रत आपणहून पाठवली जात नाही; ती मागावी लागते. मालकाने सांगितलेले कारण आणि प्रत्यक्षातले कागद यांत विसंगती असेल, तर ती दाखवण्याची ही सर्वांत चांगली वेळ असते.

‘तक्रार केली आणि नोकरीच गेली तर?’

तक्रार केल्याबद्दल शिक्षा करणे हा कायद्याने स्वतंत्र गुन्ह्यासारखाच धरलेला भाग आहे, आणि आयोगाकडे येणाऱ्या तक्रारींत गेली कित्येक वर्षे सर्वाधिक आढळणारे कारण हेच, म्हणजे सूड, आहे. सूड म्हणजे केवळ बडतर्फी नव्हे. टेनेसीतील एका रेल्वे यार्डात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या शीला व्हाइट यांनी साहेबाच्या लिंगभेदी वागण्याची तक्रार केल्यावर त्यांना रुळांवरच्या अंगमेहनतीच्या कामावर पाठवले गेले, आणि आयोगाकडे गेल्यावर ३७ दिवस बिनपगारी निलंबित केले गेले. पगाराचा दर तोच होता आणि निलंबनाचे पैसेही नंतर परत दिले होते, म्हणून नुकसान झालेच नाही, हा मालकाचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये फेटाळला. ज्या कृतीमुळे एखादा समंजस कर्मचारी तक्रार करायला कचरेल, ती सूडाची कृती होय, अशी कसोटी त्या निकालाने घालून दिली. मूळ भेदभाव सिद्ध झाला नाही, तरी सूडाचा दावा टिकू शकतो.

तरीही खोटा धीर देणे योग्य नाही. तक्रार केल्याने माणूस बडतर्फीपासून अभेद्य होत नाही. खऱ्याखुऱ्या कामाच्या कारणावरून मालक त्याच्यावर कारवाई करू शकतो. एच-वन-बी व्हिसावर असणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे. नोकरी गेल्यावर त्यांना नवी नोकरी शोधण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात आणि आयोगाकडील तक्रारीमुळे ही मुदत वाढत नाही. अशा व्यक्तीने तक्रारीच्या आधी रोजगार आणि स्थलांतर या दोन्ही कायद्यांच्या वकिलांचा सल्ला घेणे हिताचे आहे.

कपातीच्या वेळी भरपाईच्या रकमेबरोबर सहीसाठी जो करार पुढे केला जातो, त्याबद्दलही गैरसमज आहेत. सही केल्याने दाव्याचा आणि पैशाचा हक्क सोडला जाऊ शकतो. पण आयोगाकडे तक्रार करण्याचा हक्क अशा कराराने काढून घेता येत नाही. चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्याला वयाचा दावा सोडून देण्यापूर्वी विचारासाठी किमान २१ दिवस (एकाच वेळी अनेकांची कपात असेल तर ४५ दिवस) आणि सही केल्यावर ती मागे घेण्यासाठी सात दिवस द्यावे लागतात. त्यामुळे त्याच दिवशी सही करण्याचा आग्रह झाल्यास बिचकण्याचे कारण नाही.

जातीवरून भेदभाव झाला तर

मराठी वाचकांना हा प्रश्न टाळता येणार नाही, आणि तो टाळूही नये. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातील संरक्षित कारणांत ‘जात’ हा शब्द नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क यंत्रणेने एका दलित अभियंत्याला वरिष्ठ सवर्ण भारतीय सहकाऱ्यांकडून जातीवरून त्रास झाल्याचा आरोप करत एका बड्या तंत्रज्ञान कंपनीवर दावा दाखल केला, तेव्हा हा विषय तिथल्या न्यायालयात ठळकपणे आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटल शहराने जातिभेदाला स्पष्ट शब्दांत मनाई केली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले तसेच विधेयक गव्हर्नर न्यूसम यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नाकारले, पण ते नाकारताना त्यांनी दिलेले कारण असे होते की हा भेदभाव सध्याच्या कायद्यानेही बेकायदाच आहे. व्यवहारात याचा अर्थ असा, की तक्रारीत जातीचा स्पष्ट उल्लेख करून त्याबरोबर वंश, पूर्वजपरंपरा, धर्म, राष्ट्रीय मूळ यांपैकी जे लागू असेल ते लिहावे, आणि राज्याच्या किंवा शहराच्या यंत्रणेचा पर्यायही तपासावा. कॅलिफोर्नियात राज्य यंत्रणेकडे जाण्यासाठी तीन वर्षे मिळतात.

‘आयोगाने प्रकरण बंद केले, म्हणजे मी खोटा ठरलो?’

तसे नाही. भेदभाव झाल्याचा वाजवी आधार सापडला, असा निष्कर्ष आयोग फारच थोड्या प्रकरणांत काढतो. तो काढला तर आधी समेटाचा प्रयत्न होतो, आणि तो फसला तर आयोग स्वतः दावा करू शकतो. असे दावे वर्षाला मोजकेच होतात. बाकीच्या तक्रारी बंद करताना आयोग जे पत्र पाठवतो, त्यात मालकाने कायदा पाळला आहे असे प्रमाणपत्र दिलेले नसते. त्या पत्रासोबत दाव्याच्या हक्काची नोटीस येते. ती हाती पडल्यापासून ९० दिवसांत न्यायालयात दावा दाखल करावा लागतो आणि ही मुदत न्यायालये फार काटेकोरपणे पाळतात. तपास लांबत असेल तर १८० दिवसांनंतर तक्रारदार स्वतःहूनही ही नोटीस मागू शकतो.

दावा जिंकल्यास थकीत पगार आणि वकिलाचा खर्च मिळू शकतो. मनस्ताप आणि दंडात्मक भरपाई यांच्या एकत्रित रकमेवर मात्र १९९१ च्या कायद्याने मर्यादा घातली आहे: शंभरपर्यंत कर्मचारी असलेल्या कंपनीसाठी ५०,००० डॉलर, आणि पाचशेहून अधिक असलेल्या कंपनीसाठी ३,००,००० डॉलर. वंशभेदाच्या प्रकरणात १८६६ च्या जुन्या कायद्याचाही आधार घेता येतो. त्याला ही मर्यादा नाही आणि त्यासाठी आयोगाकडे जाण्याची अटही नाही.

वकील परवडत नसेल तर न्यायालयाकडे वकील नेमण्याची आणि शुल्क माफ करण्याची विनंती करण्याची तरतूद सातव्या प्रकरणातच आहे; ती मान्य करणे न्यायालयाच्या मर्जीवर असते. नोटीस मिळाल्यावर त्याच ९० दिवसांत आयोगाकडून आपल्या प्रकरणाची फाइल लेखी अर्ज करून मागवावी. मालकाचे उत्तर आणि त्याने दिलेली कागदपत्रे त्या फाइलमध्ये असतात, आणि प्रकरण हाती घ्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी वकील बहुधा तीच प्रथम पाहायला मागतो.